कान खोटं बोलतो, काटा नाही

वसईच्या एव्हरशाईन सिटीत संध्याकाळी कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर जा आणि फोनवर विमानं दाखवणारं ॲप उघडा. पश्चिमेला, अर्नाळा-भुईगावच्या किनाऱ्यापलीकडे, समुद्रावर छोट्या छोट्या विमानांची ये-जा सुरू असते. दुबई, शारजा, अबू धाबी, दोहा, मस्कत. वसईकराला ही नावं परकी नाहीत. काका, मामा, शेजारचा मुलगा, कुणी ना कुणी तिकडे राहून आलेलं असतं. ॲप विमानाचा नंबर सांगतं, उंची सांगतं, वेग सांगतं. पुढच्या दोन खुर्च्यांवर कोण बसलंय, एवढं मात्र सांगत नाही.

तिथे बाई असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. महिला विमानचालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 साली दिलेल्या आकडेवारीत भारत जगात पहिला होता: आपल्याकडच्या वैमानिकांत 12.4 टक्के स्त्रिया, तर जगाची सरासरी पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. अमेरिका, युरोप मागे आणि आपण पुढे, असं चित्र दिसणारे धंदे फार थोडे. आणि यातल्या काही जणी आज आखाती कंपन्यांच्या विमानांत बसून याच समुद्रावरून ये-जा करतात.

बाई विमान उडवते याचं आश्चर्य आता करू नये. आश्चर्य वेगळंच आहे. हा व्यवसाय उभाच आहे अविश्वासावर. माणसाच्या कानावर, डोळ्यावर, आठवणीवर, अनुभवावर, हुद्द्यावर, कशावरही भरवसा ठेवायचा नाही, ही त्याची शिकवण. आणि माझं मत असं, की बायकांसाठी कॉकपिटचं दार या अविश्वासाने जेवढं उघडलं, तेवढं कुठल्याही घोषणेने उघडलं नाही.

ते समजायला आधी वांद्र्याच्या समुद्रात जावं लागेल.

1 जानेवारी 1978. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोईंग 747 रात्री आठनंतर सांताक्रूझहून दुबईला निघालं. नववर्षाची रात्र, हवा स्वच्छ. किनारा ओलांडल्यावर विमान ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळलं, पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनच्या समोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र उजवीकडेच अडकून राहिलं. बाहेर काळा समुद्र, वर काळं आकाश, मध्ये क्षितिजाची रेघ नाही. विमान अजून उजवीकडे कललंय असं समजून कॅप्टनने ते डावीकडे घेतलं आणि घेतच राहिला. शेजारच्या वैमानिकासमोर दुसरं यंत्र होतं. फ्लाइट इंजिनीअरने काहीतरी चुकतंय हे लक्षातही आणून दिलं, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर 101 सेकंदांत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली.

एवढ्या अनुभवी माणसाला विमान उलटं होतंय हे शरीराला कळलं कसं नाही?

कळणारच नव्हतं. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव जरा मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदू ओळखतो की आपण वळतोय. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी हे उत्तम आहे. पण वळण एकाच वेगाने दहा-वीस सेकंद चालू राहिलं, तर द्रवही नळीच्याच वेगाने फिरायला लागतो. फरक संपतो, आणि मेंदू सांगतो: सरळ चाललंय. गंमत पुढे आहे. तुम्ही विमान खरोखर सरळ केलंत की द्रव अजून फिरतच असतो, आणि मेंदू ओरडतो: उलट्या बाजूला वळतोय! आणि विमान पुरेसं हळू, सेकंदाला दोन-एक अंशांहून कमी वेगाने कलत गेलं, तर कानाला त्याचा पत्ताच लागत नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाची चूक दुरुस्त करतात. अरबी समुद्रावर अमावास्येच्या रात्री क्षितिज नसतं.

कानाची आणखी एक खोड आहे. तिथेच गुरुत्वाकर्षण मोजणारा एक भाग असतो, पण त्याला वेग वाढणं आणि मान मागे कलणं यांतला फरक कळत नाही. अंधारात विमानाने एकदम वेग घेतला की नाक वर चाललंय असं वाटतं, आणि हात आपोआप नाक खाली ढकलतो. 23 ऑगस्ट 2000 रोजी कैरोहून आलेलं गल्फ एअरचं एअरबस बहारीनला उतरता उतरता पुन्हा वर उचललं गेलं आणि काळ्या समुद्रात शिरलं. 143 माणसं दगावली. चौकशी अहवालाने याच भ्रमाकडे बोट दाखवलं. आणि आणखी एक गोष्ट लिहिली, ती आपल्या विषयाला फार जवळची आहे: शेजारी बसलेल्या कनिष्ठ वैमानिकाने कॅप्टनला पुरेशा ठामपणे हटकलं नाही.

दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांजवळ घडलेले हे दोन अपघात. दोन्हींत शरीराने दगा दिला, आणि दोन्हींत शेजारच्या खुर्चीवरून मिळू शकणारी मदत वेळेत पोचली नाही.

हे दुखणं जगभरचं होतं. 1977 साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकून 583 माणसं मेली, तेव्हाही कॅप्टनच्या घाईपुढे इतरांचा आवाज कमी पडला होता. 1979 साली नासाने या प्रश्नावर परिषद घेतली आणि त्यातून एक शिक्षणपद्धती निघाली. तिला सीआरएम म्हणतात, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. तिचा गाभा साधा आहे. कॅप्टन कितीही ज्येष्ठ असो, चूक दिसली की बोलायचं. ऐकलं नाही तर पुन्हा बोलायचं. तरीही ऐकलं नाही तर विमानाचा ताबा घ्यायचा. आणि यावर परीक्षा होते. सिम्युलेटरमध्ये गप्प बसणारा नापास.

आता विचार करा, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे ऐकत वाढलेल्या मुलीला नोकरीवर दर सहा महिन्यांनी तपासलं जातं ते मोठ्यांच्या मध्ये ती वेळेवर बोलली की नाही यावर. असा दुसरा धंदा मला तरी ठाऊक नाही.

कॉकपिटमध्ये दोघं असतात, पण त्यांची जोडी कायमची नसते. आखातातल्या मोठ्या कंपन्यांत शंभराहून अधिक देशांची माणसं काम करतात. आज शेजारी ब्राझीलचा, उद्या केनियाची, परवा पोलंडचा. कित्येकदा दोघांची पहिली भेट उड्डाणाच्या तासभर आधी होते. तरी तीनशे माणसं घेऊन ते निर्धास्त उडतात, कारण बोलायचं काय हेसुद्धा आधीच लिहून ठेवलेलं आहे. एकजण ‘पायलट फ्लाइंग’, म्हणजे चालवणारा. दुसरा ‘पायलट मॉनिटरिंग’, म्हणजे पहारा करणारा. वेग ठरावीक आकड्याला पोचला की पहारेकरी ‘व्ही वन’ म्हणतो; त्यानंतर थांबणं नाही. मग ‘रोटेट’. विमान खरंच चढतंय हे यंत्रावर दिसल्यावर ‘पॉझिटिव्ह रेट’, त्याला उत्तर ‘गिअर अप’. विमान चढतंय हे पाठीला कळतंच की, पण पाठीचं इथे कुणी ऐकत नाही. शब्द तेच, क्रम तोच, कोल्हापूरच्या तोंडून काय आणि कोपनहेगनच्या तोंडून काय. पुढच्या फेरीत भूमिका बदलतात. कॅप्टन पहारा करतो, कनिष्ठ विमान चालवते.

‘पण बायकांची उंची, ताकद?’ हा प्रश्न लग्नाच्या मांडवात हमखास येतो. त्याचं उत्तर अमेरिकन हवाई दलाने, बायकांचा विचारही मनात नसताना, शोधून ठेवलं आहे. 1950च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने 4,063 पुरुष वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट ‘सरासरी’ वैमानिकासाठी बनवलेलं होतं. तर या सगळ्यांत दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती? एकही नाही. चार हजारांतला एकसुद्धा नाही! निष्कर्ष सरळ होता. माणूस खुर्चीला जुळवता येत नाही, खुर्चीच माणसाला जुळवावी लागेल. तेव्हापासून खुर्ची वर-खाली, पुढे-मागे होते, पायातले पेडल पुढे-मागे सरकतात.

एअरबसच्या समोरच्या काचेच्या मधल्या खांबावर बोराएवढे लाल-पांढरे गोळे बसवलेले असतात. आपल्या खुर्चीवर बसून लाल गोळ्याने पांढरा झाकला जाईपर्यंत खुर्ची सरकवायची. तो झाकला गेला की तुमचा डोळा नेमका तिथे आला, जिथून धावपट्टीही दिसते आणि यंत्रंही. उंची पाच फूट तीन असो की सहा फूट दोन, डोळा एकाच बिंदूवर. विमानाला वैमानिकाची उंची नको असते, डोळा हवा असतो. ताकदीचं म्हणाल, तर एअरबस चालते ती हाताच्या पंजाने धरायच्या एका छोट्या दांड्यावर. तो विजेच्या संकेतांनी काम करतो, मनगटाच्या जोराने नाही.

म्हणजे काम सोपं आहे असं नाही. आखात ही वैमानिकाची कसून परीक्षा घेणारी जागा आहे, आणि पहिली परीक्षा उन्हाची.

हवा तापली की विरळ होते. पंधरा अंशांवरची हवा आणि पंचेचाळीस अंशांवरची हवा यांच्या घनतेत नऊ-दहा टक्क्यांचा फरक पडतो. पंखांना उचलायला हवा कमी, इंजिनांना जाळायला हवा कमी. साधारण तीस अंशांपर्यंत जेट इंजिन पूर्ण जोर देतं. त्यावर तापमान गेलं की आतली पाती वितळू नयेत म्हणून जोर कमी करावा लागतो. विमानाला हवेत जायला जास्त वेग लागतो, म्हणजे धावायला जास्त जागा लागते. दोह्याच्या हमद विमानतळाची मुख्य धावपट्टी 4,850 मीटर लांब आहे. वसई रोडहून नालासोपारा स्टेशन जेवढं दूर, त्याहून लांब! मुंबईची मुख्य धावपट्टी 3,448 मीटरची. ऑगस्टच्या दुपारी भरलेलं विमान घेऊन निघताना वजन, तापमान, वारा यांचं गणित दोघं वेगवेगळं करतात आणि मग ताडून पाहतात. इथेही तोच अविश्वास.

उन्हाळ्यात वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटतो, इराकच्या मैदानांतली धूळ घेऊन, आणि दुपार तांबूस होते. हिवाळ्यात उलटा प्रकार: वाळवंटात धुकं! दिवसा समुद्रावरची दमट हवा वाळवंटावर सरकते, रात्री निरभ्र आकाशाखाली वाळू झपाट्याने गार होते, आणि पहाटे दुबई-अबू धाबीच्या धावपट्ट्या पांढऱ्या गुडुप. शंभर मीटरपलीकडचं दिसत नसताना विमान स्वतःच उतरतं, जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ किरणांच्या आधाराने. वैमानिकाने फक्त पाहायचं असतं. हे ‘फक्त’ किती अवघड आहे! दीडशे टनांची वस्तू जमिनीकडे चाललीय, बाहेर काही दिसत नाही, आणि तुमचं काम हात आवरायचं. मात्र आकड्यांत जरा खोट दिसली की क्षणात विमान वर उचलायचं.

मधल्या समुद्रात वेगळी नवलाई आहे. किनारा तीन-चारशे किलोमीटर मागे पडला की साधा रेडिओ चालत नाही, कारण त्याच्या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी खाली वाकते. मग मुंबईशी बोलायचं ते एचएफ रेडिओवर. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात. हा थर सूर्य तयार करतो, म्हणून दिवसा एक फ्रिक्वेन्सी, रात्री त्याहून खालची. सूर्य मावळला की बोलण्याची वाट बदलते. खरखर इतकी असते की सतत कान देऊन बसणं नको, म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत दिलेला असतो. मुंबईहून नेमके ते सूर वाजले की त्याच विमानात घंटी होते. आता बरंचसं काम उपग्रहावरून मजकूर पाठवून होतं, पण एचएफ अजून निवृत्त झालेला नाही. पारार, रास्की अशी कुठल्याच नकाशावर गाव नसलेली नावं ओलांडली की मुंबईची हद्द संपते आणि मस्कतची सुरू होते. जाणारी विमानं 34, 36, 38 हजार फुटांवर, येणारी 35, 37, 39 हजारांवर. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांत उभं अंतर फक्त हजार फुटांचं. वेळ दोन्हीकडे एकच लिहितात, ग्रिनिचची. मुंबई आणि दुबईच्या घड्याळांतला दीड तासाचा फरक प्रवाशांसाठी.

आणि संध्याकाळ. या अक्षांशांवर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे 1,550 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतो. विमान ताशी आठशेने पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागे पळतं. त्यामुळे मुंबईहून दुबईला जाणाऱ्या वैमानिकाची संध्याकाळ वसईच्या सुरुची बीचवर उभ्या असलेल्या माणसाच्या संध्याकाळच्या जवळजवळ दुप्पट लांबते. शिवाय छत्तीस हजार फुटांवरून क्षितिज तीन अंश खाली दिसतं, म्हणून खाली सूर्य बुडाल्यावरही वर तो दहा-बारा मिनिटं शिल्लक असतो. परत येताना सगळं उलट, अंधार धावत अंगावर येतो. अशी ताणलेली संध्याकाळ समोरच्या काचेतून बघण्याचे पैसे मिळतात, याचा मला प्रामाणिक हेवा वाटतो.

या रस्त्याचा इतिहासही गमतीचा आहे. ऑक्टोबर 1932 मध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन-भारत मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून हलवून अरबी किनाऱ्यावर आणला, आणि 5 ऑक्टोबरला शारजाच्या वाळूत त्यांचं पहिलं विमान उतरलं. दहा दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, कराचीहून पुढचं टपाल घेऊन जे.आर.डी. टाटा जुहूला उतरले. म्हणजे भारतीय विमानसेवा जन्मली तीच आखाती रस्त्याची शेपटी म्हणून. 15 ऑक्टोबर 2021 रोजी त्या उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून जुहूपर्यंत छोटं विमान एकटीने आणलं ते आरोही पंडित या बोरिवलीच्या मुलीने. वसईहून निघालेली लोकल बोरिवलीवरूनच जाते. त्याआधी 2019 मध्ये तिने अशाच हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला होता.

1985 चंही तसंच. 25 ऑक्टोबरला दुबईत एमिरेट्स सुरू झाली, पहिल्याच दिवशी कराची आणि मुंबईची उड्डाणं करून. पुढच्याच महिन्यात इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप कोलकात्याहून सिल्चरला गेलं, ज्यात पुढच्या दोन्ही खुर्च्यांवर बायका होत्या: कॅप्टन सौदामिनी देशमुख, सोबत निवेदिता भसीन. एक मराठी बाई कप्तान म्हणून असं विमान नेत होती, तेव्हा आखातात हा विषयच नव्हता. तिथे तो यायला वेळ लागला, पण आला तो विलक्षण विसंगतीसह. फेब्रुवारी 2016 मध्ये रॉयल ब्रुनेईच्या तीन महिला वैमानिकांनी ड्रीमलायनर जेद्दाला उतरवलं. सौदी अरेबियात बाईला तेव्हा मोटार चालवायचा परवाना मिळत नव्हता. तो जून 2018 मध्ये मिळू लागला. जून 2019 मध्ये यास्मीन अल मैमनी ही सौदी तरुणी तिथल्या प्रवासी विमानाची सहवैमानिक झाली. त्याआधी मार्च 2017 मध्ये एमिरेट्सचं दुमजली ए 380 दुबईहून व्हिएन्नाला नेलं ते इजिप्तच्या नेव्हिन दरविश आणि अमिरातीच्या आलिया अल मुहैरी यांनी.

मग अडतं कुठे? विमानात नाही, जमिनीवर. शिक्षणाचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि मुलासाठी कर्ज काढणारं घर मुलीसाठी तेवढ्याच सहजतेने काढतं असं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गरोदरपणात, सगळं सुरळीत असेल आणि डॉक्टरांचं लक्ष असेल तर, बाराव्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच उडता येतं. बाकीचे महिने जमिनीवर. रात्री दोनला ड्यूटीवर निघायचं असतं. भारतीय कंपन्या घरून नेण्या-आणण्याची सोय करतात, आणि आपल्याकडे बायका या कामात टिकतात त्यामागे ती सोय आणि पोरं सांभाळणारी आजी ही दोन कारणं मला सगळ्यात मोठी वाटतात. दुबईत पगारावर आयकर नाही, पण आजीही नाही. एव्हरशाईनमध्ये राहून मुंबईहून उडायचं, तर खाडीपूल ओलांडल्यावर फाउंटनच्या नाक्यावर अडकण्याची तयारीही ठेवावी लागते. तिथल्या कोंडीवर कुठलंही यंत्र निघालेलं नाही.

वाट कशी आहे? बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ही वर्षानुवर्षांची अट. कॉमर्स झालेल्या कित्येकांनी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर केले. मग 200 तासांचं उड्डाण आणि व्यावसायिक परवाना. धुळे, बारामती, गोंदिया इथे महाराष्ट्रातच त्याच्या सोयी आहेत. आखाती कंपन्या परदेशी नवशिक्याला सहसा घेत नाहीत. आधी इथल्या कंपनीत जेटवरचे तास जमवावे लागतात, 1,500 तासांनंतरचा वरचा परवाना काढावा लागतो, मग तिकडे पुन्हा परीक्षा.

आणि घरात कुणी मुलगी हे मनावर घेऊन बसली असेल, तर एक काम फ्लाइंग क्लबची पायरी चढण्याआधी करा. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नेमलेल्या डॉक्टरांकडून तिची वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी क्लास टू, मग क्लास वन. रंगओळख, कान, हृदय, सगळं त्यात पाहतात. फी भरून झाल्यावर तपासणीत अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात. आधी मेडिकल, मग पैसे.